नमुनाखोलीचा खर्च कोणाच्या खात्यावर?

अमेरिकेच्या आयातशुल्काच्या तक्त्यात एक गंमत दडलेली आहे. सुती निट कापडाचा, म्हणजे आपण ज्याला सरसकट होजियरी म्हणतो त्या कापडाचा, स्त्रियांचा ब्लाउज ६१०६ या शीर्षकाखाली येतो आणि त्यावरचे मूळ शुल्क १९.७ टक्के आहे. याच ब्लाउजला कंबरेच्या खाली एखादा लहानसा खिसा लावला, की तो त्या शीर्षकातून बाहेर पडतो आणि ६११० मध्ये, स्वेटर-पुलोव्हरांच्या रांगेत जाऊन बसतो. तिथे सुती मालावर १६.५ टक्के शुल्क आहे. खिशात रुमाल मावतो की नाही, हा प्रश्नच नाही. तो कंबरेखाली आहे की नाही, एवढेच पाहिले जाते.

हा कोणा अमेरिकी अधिकाऱ्याचा लहरीपणा नव्हे. जगातील बहुतेक देश, आपणही, ज्या एकसमान वर्गीकरणाने मालाची नोंद करतो, त्याच्या ६१व्या प्रकरणातील चौथी टीपच तशी आहे. ६१०५ आणि ६१०६ या शीर्षकांत कंबरेखाली खिसे असलेले कपडे धरायचे नाहीत. खालच्या काठाला रिबची पट्टी किंवा आवळण्याची सोय असलेले धरायचे नाहीत. आणि ज्यांच्या विणीत दर सेंटीमीटरला सरासरी दहापेक्षा कमी टाके आहेत तेही नाहीत. हे टाके किमान १० सेंटीमीटर लांब आणि तितक्याच रुंद चौकोनात, आडवे आणि उभे असे दोन्ही दिशांनी मोजायचे असतात. धाग्याचेही तसेच. सुती स्वेटरवर १६.५ टक्के, पण त्याच स्वेटरमध्ये पॉलिएस्टरचे वजन कापसाच्या वर गेले, की शुल्क थेट ३२ टक्के. ५२ टक्के कापूस आणि ४८ टक्के पॉलिएस्टर, की नेमके उलटे, हे अंगावर घालणाऱ्याला हाताला लावूनही कळणार नाही. आयातदाराच्या खिशाला मात्र ते ताबडतोब कळते.

२०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ आणि मग आणखी २५ टक्के जादा शुल्क लादले, तेव्हा देशभर चर्चा झाली ती मुत्सद्देगिरीची, रशियन तेलाची आणि तिरुपूरमधल्या थांबलेल्या यंत्रांची. ते स्वाभाविकच होते, कारण आपल्या तयार कपड्यांच्या निर्यातीपैकी सुमारे एक तृतीयांश माल अमेरिकेला जातो. असे जादा दर राजकारणाच्या वाऱ्याबरोबर चढतात आणि उतरतात. मला मात्र त्या काळात राहून राहून नमुनाखोलीची आठवण होत होती. खिसा कुठे, टाके किती, धाग्यात काय, याचा निकाल जिथे लागतो ती कारखान्यातली खोली. न्यूयॉर्क किंवा लंडनच्या डिझायनरने पाठवलेल्या चित्रात यातले फारसे काही नसते. चित्रात एक डौलदार आकृती असते, रंगाचा क्रमांक असतो आणि मोजमापांचा तक्ता असतो. त्या चित्राचा अंगावर चढवता येईल, धुता येईल आणि हजारोंच्या संख्येने शिवता येईल असा कपडा करण्याचे काम ओखल्यात, गुरुग्रामच्या उद्योग विहारात, मानेसरला, फरिदाबादला, नोएडाच्या फेज टूमध्ये होते. गेली काही वर्षे मी या पट्ट्यातल्या कारखान्यांत जात आलो आहे. माझी खात्री होत गेली आहे, की आपले वस्त्रधोरण या खोलीकडे पाहतच नाही.

आधी या कामाचे स्वरूप समजून घ्यावे लागेल, कारण निट कपडा हे प्रकरण शर्ट-पँटच्या कापडापेक्षा निराळे आहे. आपल्या भाषांनी इथे जरा घोटाळा करून ठेवला आहे. मराठीत विणणे, हिंदीत बुनना; मागावरचे कापडही विणायचे आणि सुयांवरचा स्वेटरही विणायचा. प्रत्यक्षात दोन्हींत मूलभूत फरक आहे. मागावर उभे-आडवे धागे एकमेकांना ओलांडून घट्ट बसतात. निटमध्ये एकच धागा फासात फास अडकवत पुढे जातो. त्यामुळे ते कापड ताणले जाते, परत आक्रसते, कडेने गुंडाळले जाते, धुतल्यावर आटते आणि कधी कधी पिळवटते. मागावरचे कापड शिंप्याचे ऐकते. निट कापड मात्र कापल्यानंतरही हलत राहते.

एक साधा हिशेब पाहा. गळ्याच्या बाजूने खाली ७० सेंटीमीटर लांबीचा टी-शर्ट हवा आहे आणि कापड धुतल्यावर ५ टक्के आटते. म्हणजे पहिल्याच धुण्यात साडेतीन सेंटीमीटर गेले. मग बेतताना लांबी वाढवायची. पण कापड लांबीत जितके आटते तितके रुंदीत आटत नाही. काही विणींत तर लांबीला आटते आणि रुंदीला पसरते. म्हणजे लांबीची वाढ आणि रुंदीची वाढ वेगळी. त्यात गडद रंगाचे कापड रंगाईत जास्त वेळ राहते, म्हणून त्याचे वागणे पांढऱ्यापेक्षा वेगळे. एकाच डिझाइनचा काळा आणि पांढरा टी-शर्ट बेतायला कधी कधी दोन वेगळे साचे लागतात, हे दुकानात उभे राहून दोन्ही रंग चाळणाऱ्या ग्राहकाच्या स्वप्नातही येत नाही.

किंवा बाजूची शिवण घ्या. स्वस्त टी-शर्ट दोन-चार वेळा धुतला, की त्याची बाजूची शिवण हळूहळू पोटाकडे सरकते, हा अनुभव कोणाला नाही? दोष शिवणाऱ्याचा नसतो. धाग्यालाच पीळ असतो आणि गोल यंत्रावर एका वेळी अनेक धागे सोडलेले असतात. यंत्र वेगाने चालावे म्हणून धागे वाढवावे तितकी वीण तिरकी होते. हे सुधारायचे तर धाग्याचा पीळ बदला, यंत्रावरचे धागे कमी करा, कापड नळकांडे न ठेवता चिरून सरळ करून घ्या, किंवा रंगाईनंतरची प्रक्रिया बदला. प्रत्येक उपायाला पैसे पडतात. नमुनाखोलीतला अनुभवी माणूस कापडाचा तुकडा हातात घेऊन, तिरका ताणून सांगतो, की या भावात एवढेच जमेल आणि त्यासाठी बाजूची शिवण एक सेंटीमीटर मागे घ्या. ती सूचना कोणत्याही चित्रात नसते.

कापडाचे वजन ही आणखी एक जागा. चौरस मीटरला १८० ग्रॅमचे कापड १७० ग्रॅमवर आणले, तर सुमारे साडेपाच टक्के धागा वाचतो. खरेदीदाराला भाव कमी हवा असतो तेव्हा पहिली कात्री इथेच लागते. पण वजन कमी म्हणजे फास मोठे. फास मोठे म्हणजे कापड जास्त आटणार, जास्त पारदर्शक होणार, गळा लवकर ढिला पडणार. मग गळ्याच्या रिबमध्ये ताणाचा धागा मिसळायचा, ती पट्टी गळ्याच्या घेरापेक्षा किती आखूड कापायची ते पुन्हा ठरवायचे, खांद्याच्या शिवणीत फीत घालायची. एका बाजूला वाचवलेले पैसे दुसऱ्या बाजूला किती खर्चायचे, याचा तोल साधला तर ऑर्डर मिळते. मुंढा एक सेंटीमीटर खाली उतरवला तर हात उचलताना अख्खा कपडा वर चढतो. वर घेतला तर काखेत रुततो. मागावरच्या कापडात ही चूक लगेच दिसते. निटमध्ये कापडाची लवचीकता ती झाकून ठेवते, आणि मग चूक सापडते ती परतून आलेल्या मालात.

या सगळ्या फेऱ्यांना कारखान्यात नावे आहेत. पहिला कच्चा नमुना, मग मापाचा नमुना, मग सगळ्या साइझचा संच, मग उत्पादनाआधीचा मंजुरीचा नमुना, ज्याला सील लागते. दर टप्प्यावर कुरिअरने कपडा परदेशी जातो, तिथे पुतळ्यावर किंवा मॉडेलच्या अंगावर चढवला जातो आणि शेरे परत येतात. बाही अर्धा इंच आखूड. गळा जरा उघडा. खांदा उतरतो आहे. या शेऱ्यांवर मास्टरजी, म्हणजे पॅटर्न मास्टर, पुन्हा कागद कापतात. मंजूर न झालेल्या डिझाइनांवरही इतकीच मेहनत झालेली असते. हंगामात खरेदीदार मागवतो त्या नमुन्यांपैकी मोजक्यांचीच ऑर्डर होते. बाकीच्यांचे कापड, मजुरी, कुरिअर हे सारे कारखानदार सोसतो आणि मिळालेल्या ऑर्डरच्या भावात कुठेतरी मुरवतो. खरेदीदाराच्या लेखी नमुना ही सदिच्छाभेट असते. क्वचित एखादा खरेदीदार नमुन्याचे वेगळे पैसे देतो, पण तो रिवाज नव्हे.

दिल्लीच्या पट्ट्यात हे काम इतके का साचले, याला इतिहास आहे. १९७४ ते १९९४ या काळात बहुतंतू कराराने आणि त्यानंतर २००४ अखेरपर्यंत जागतिक व्यापार संघटनेतील वस्त्रकराराने श्रीमंत देशांत जाणाऱ्या कपड्यांवर कोटा होता. त्या काळात निर्यातदाराकडची खरी मालमत्ता कोटा हीच होती आणि १९७८ साली स्थापन झालेली परिधान निर्यात प्रोत्साहन परिषद तो वाटत असे. १७ एप्रिल १९७६ रोजी नोएडाची स्थापना झाली, १९८५ मध्ये तिथे निर्यात प्रक्रिया क्षेत्र आले आणि १९८६ मध्ये हौज खासला राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, उभी राहिली. १ जानेवारी २००५ रोजी कोटा संपला. आता खरेदीदार कुठूनही माल घेऊ शकत होता. एकाच साध्या टी-शर्टचे लाखो नग स्वस्तात काढण्यात बांगलादेश पुढे गेला. सुती निटच्या मोठ्या उत्पादनात तिरुपूर होते, लोकरी मालात लुधियाना. दिल्ली परिसराकडे उरली ती लहान ऑर्डर, सतत बदलणारी फॅशन, स्त्रियांचे कपडे, नक्षी आणि झटपट नमुना करून देण्याचे कसब. इथला कारखाना कापडापेक्षा फेरफार विकतो, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आणि तरीही या फेरफाराची मालकी कोणाकडेच नाही. म्हणजे कायद्याने तरी नाही.

आपला डिझाइन कायदा २००० सालचा. त्यात डिझाइन म्हणजे आकार, मांडणी, नक्षी, अलंकरण, रेषा किंवा रंगांची रचना. आणि तिची पारख केवळ डोळ्यांनी करायची. घडणीचे तत्त्व किंवा पद्धत यांना या व्याख्येतून मुद्दाम वगळले आहे. वस्त्राच्या बाबतीत याचा अर्थ असा, की छातीवरची नक्षी नोंदता येते. शिवण सरकू नये म्हणून केलेली योजना नोंदता येत नाही. नोंद झाली तर संरक्षण १० वर्षांचे, ते आणखी ५ वर्षे वाढवता येते. ज्या मालाचे दुकानातले आयुष्य बारा आठवड्यांचे, त्याला पंधरा वर्षांचे कवच देऊ करणारा हा कायदा आहे. चोरी झालीच, तर करारातील देण्याप्रमाणे वसूल करता येणारी रक्कम एका उल्लंघनाला २५,००० रुपये आणि एका डिझाइनमागे एकूण ५०,००० रुपयांपर्यंत. नुकसानभरपाईचा दावा आणि मनाई हुकूम मागण्याची दुसरी वाट आहे, पण तोवर हंगाम उलटलेला असतो.

मग कॉपीराइट? १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १५ म्हणते, की जे डिझाइन नोंदवता आले असते पण नोंदवलेले नाही, त्यावरचा कॉपीराइट त्या डिझाइनच्या वस्तू औद्योगिक प्रक्रियेने ५० हून अधिक वेळा काढल्या की संपतो. पन्नास! नोएडातल्या शिवणाच्या एका रांगेतून पहिल्या पाळीच्या सुरुवातीलाच इतके नग बाहेर पडतात. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर रितू कुमार या नावाने कपडे विकणाऱ्या रितिका कंपनीचा बिबा ॲपरेल्सविरुद्धचा दावा आला, तेव्हा याच कलमाने निकाल ठरवला. चित्रावरून पोशाख तयार झाले, ते पन्नासाहून अधिक झाले, डिझाइन नोंदलेले नव्हते. सबब कॉपीराइट उरला नाही. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या वेगळ्याच उद्योगातील खटल्यात कलाकृती कुठली आणि डिझाइन कुठले हे तपासण्याची कसोटी सांगितली, त्यामुळे संदिग्धता कमी झाली. पण पन्नासची रेघ आहे तिथेच आहे.

युरोपात हे वेगळ्या रीतीने सोडवले आहे. २००२च्या नियमावलीने तिथे नोंदणी न केलेल्या डिझाइनलाही प्रसिद्धीपासून ३ वर्षे संरक्षण मिळते. अर्ज नाही, शुल्क नाही, केवळ हुबेहूब नक्कल करायची नाही. २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने कॅरन मिलेन विरुद्ध डन्स स्टोअर्स हा खटला निकाली काढला. त्यातल्या वादग्रस्त कपड्यांत एक काळा निट टॉप होता. न्यायालय म्हणाले, की नावीन्य तपासताना एकेका जुन्या डिझाइनशी तुलना करा. इकडचा गळा, तिकडची बाही असे तुकडे गोळा करून हे आधीच होते म्हणू नका. मला यात एक उपहास दिसतो. लंडनला विकला जाणारा टॉप नोएडाच्या नमुनाखोलीत चार फेऱ्यांनंतर आकाराला आला, तरी त्या युरोपीय संरक्षणाचा धनी खरेदीदारच असतो, कारण मापांचा तक्ता त्याचा, करार त्याचा आणि करारातले हक्काचे कलमही त्याचेच. नमुना पाठवून ऑर्डर न देता तोच नमुना खरेदीदाराने दुसऱ्या देशातून करून घेतला, अशी तक्रार या पट्ट्यात मी अनेकांकडून ऐकली आहे. तक्रार करणारा नाव सांगत नाही, कारण पुढच्या हंगामात त्याच दारात जायचे असते.

कारखानदाराची ही व्यथा खरी आहे. पण तिच्यापाशीच थांबलो तर निम्मीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. कारखानदार खरेदीदाराबद्दल जे बोलतो, जवळजवळ तेच मास्टरजी कारखानदाराबद्दल बोलू शकतील. दिल्ली परिसरातला शिवणकामगार बहुतांशी पुरुष, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला, कापसहेडा, डुंडाहेडा किंवा नोएडाच्या भंगेल, मामूरासारख्या गावांतल्या खोल्यांत राहणारा. बंगळुरू-तिरुपूरच्या कारखान्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे, तसे इथे नाही. उत्पादनाच्या रांगेतला कामगार अनेकदा ठेकेदाराचा असतो आणि हंगामानुसार येतो-जातो. नमुनाखोलीतला कारागीर अख्खा कपडा एकटा शिवू शकतो, म्हणून तो त्यातल्या त्यात स्थिर असतो, त्याला पगार बरा असतो. पण त्याच्याकडे दाखवायला कागद नसतो. तो काम शिकला तो एखाद्या उस्तादाच्या हाताखाली, कात्री उचलून देता देता. निफ्टमध्ये निटवेअर डिझाइनचा पदवी अभ्यासक्रम आहे, दिल्लीत आहे आणि मुंबईच्या खारघर केंद्रातही आहे. तिथून शिकून आलेली मुलगी नमुनाखोलीत येते तेव्हा तिचे पहिले वर्ष मास्टरजींकडून शिकण्यात जाते, हे ती स्वतः मोकळेपणाने सांगते. पाच-सात वर्षांत ती व्यवस्थापक होते. मास्टरजी मास्टरजीच राहतात.

परिधान क्षेत्राच्या कौशल्य परिषदेच्या यादीत सॅम्पलिंग टेलर आणि पॅटर्न मास्टर या दोन्ही भूमिका आहेत. आधीच अवगत असलेल्या कौशल्याला प्रमाणपत्र देण्याची सोयही प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. कागदावर म्हणजे सगळे जागेवर. पण ते प्रमाणपत्र घेऊन कारागिराचा पगार एक रुपयाने वाढणार नसेल, तर दिवसाची मजुरी बुडवून तो परीक्षेला कशाला बसेल?

आता यंत्रावरची नमुनाखोली येते आहे. जपानच्या वाकायामात १९६२ साली सुरू झालेल्या शिमा सेइकी कंपनीने १९९५ मध्ये अख्खा कपडा शिवणीशिवाय एकसंध विणणारे यंत्र आणले आणि पुढे पडद्यावर नमुना दाखवण्याचीही सोय केली. संगणकावर त्रिमितीत कपडा पुतळ्याला चढवून पाहणे आता मोठ्या खरेदीदारांना हवेच असते. फेऱ्या कमी होतात, कुरिअर वाचते, कापड वाया जात नाही. यात वाईट काही नाही. पण संगणकाला कापड किती ताणले जाईल, किती लोंबेल याचे आकडे द्यावे लागतात आणि आकडे बरोबर आहेत का, हे सांगायला पुन्हा कापड हातात घेणारा माणूसच लागतो. त्याचे ज्ञान आकड्यांच्या कोठारात जमा होते. ते कोठार कोणाचे? ज्याने परवाना विकत घेतला त्याचे, बहुधा खरेदीदाराचे. १५८९ मध्ये इंग्लंडच्या विल्यम लीने मोजे विणायचे यंत्र केले तेव्हा हातविणकरांची रोजी जाईल म्हणून राणी एलिझाबेथने त्याला पेटंट नाकारले, अशी कथा सांगतात. तसे काही करा, असे मी म्हणत नाही. राणीने नकार दिला तरी यंत्र आलेच. ज्याच्या हातातून ज्ञान घेतले त्याचे नाव आणि मोबदला यांची नोंद करारात असावी, एवढीच अपेक्षा आहे.

सरकारी तिजोरीचा ओघ मात्र दुसरीकडे आहे. १९९९ पासून तंत्रज्ञान सुधारणा निधीने यंत्रखरेदीला अनुदान दिले. २०२१ मध्ये मंजूर झालेली १०,६८३ कोटी रुपयांची उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजना कृत्रिम धाग्यांचे कपडे, कृत्रिम धाग्यांचे कापड आणि तांत्रिक वस्त्रे यांच्यासाठी आहे. ती उलाढाल मोजते, आणि सुती निट तिच्या बाहेर आहे. राज्य आणि केंद्राच्या करांचा परतावा निर्यातमूल्यावर मिळतो, म्हणजे माल जहाजावर चढल्यावर. नमुना जहाजावर चढत नाही. २०२५-२६च्या अर्थसंकल्पाने निट कापडाच्या नऊ प्रकारांवरचे आयातशुल्क २० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, यांतले जे जास्त असेल ते, असे केले. स्वस्त आयातीने जेरीस आलेल्या देशी निट कापडवाल्यांना ते हवेच होते. निर्यातदाराला आगाऊ परवान्यावर शुल्कमुक्त आयात करता येते, पण पाच मीटर नवे कापड आणून एक नमुना करून पाहायचा, तर त्या कागदपत्रांचा खटाटोप कोण करील? मग जुन्याच कापडावर काम भागते आणि खरेदीदार म्हणतो, तुमच्याकडे नवीन काही नसते.

देशी बाजारातही कर कपड्याला आकार देतोच. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे २,६०० रुपयांचा लोकरी स्वेटर बनवणारा लोकरीचे प्रमाण उतरवून, बाही थोडी तंग करून २,४९९ वर येणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. उत्तरेच्या थंडीत ज्याला खरोखर जाड लोकर हवी, त्याच्यासाठी ही चांगली बातमी नाही. आणि हा स्वेटर ज्या अंगांसाठी बेतायचा, त्या भारतीय अंगांची प्रमाणित मापे आपल्याकडे नव्हतीच. आपण ब्रिटिश-अमेरिकी तक्ते ओढून-ताणून वापरत आलो. निफ्टने सहा शहरांत २५,००० हून अधिक लोकांची त्रिमितीय यंत्राने मापे घेण्याचा इंडियासाइझ प्रकल्प हाती घेतला, तो याच कारणाने. हे तक्ते प्रत्येक लहान कारखान्याला फुकट मिळाले पाहिजेत. ते महागडे परवाने होऊन बसले, तर पुन्हा मोठ्यांचेच फावेल.

तयार कपड्यांची आपली निर्यात २०२४-२५ मध्ये सुमारे १६ अब्ज डॉलर होती. बांगलादेश याच्या दुपटीहून पुढे आहे आणि त्याच्या निर्यातीत निटचा वाटा मागावरच्या कपड्यांहून मोठा आहे. नगांच्या संख्येत त्याला गाठण्याची भाषा दर अर्थसंकल्पात होते. मला ती शर्यत आपली वाटत नाही. तिथल्या कारखान्याइतका स्वस्त टी-शर्ट आपण करू शकलो, तरी तो करून मजुराच्या हाती काय पडेल, हे ढाक्यात दिसतेच आहे. दिल्ली परिसराचे बळ फेरफारात आहे आणि त्या बळाला किंमत मिळवून देणे सरकारच्या हातात आहे. परिधान परिषदेने नमुन्याच्या शुल्काचा एक आदर्श करार तयार करावा आणि सर्व सभासदांनी तो एकाच वेळी लावावा. एकट्यादुकट्याने मागितले तर ऑर्डर जाते. नोंदणीविना तीन वर्षांचे संरक्षण आपल्या डिझाइन कायद्यात आणण्यासारखे आहे. त्यातला काही हक्क, अगदी कर्त्याचे नाव नोंदण्यापुरता का होईना, नमुना घडवणाऱ्याकडे जावा. आणि नमुन्यांवरचा खर्च हा विकासखर्च मानून त्याला यंत्राइतकेच अनुदानपात्र ठरवावे. यावर हमखास येणारा आक्षेप असा, की नमुन्याचा खर्च फुगवून दाखवता येतो. येतोच. यंत्राचे बिलही फुगवता येते, म्हणून आपण यंत्राचे अनुदान वर्षानुवर्षे थांबवले नाही.

उत्तर प्रदेशच्या एक जिल्हा एक उत्पादन योजनेत गौतम बुद्ध नगरचे उत्पादन तयार कपडे हेच आहे, आणि यमुना एक्स्प्रेस वेलगत सेक्टर २९ मध्ये जेवर विमानतळाजवळ परिधान उद्यानाची आखणी झाली आहे. महाराष्ट्रात अमरावतीच्या नांदगाव पेठला पीएम मित्र उद्यान येते आहे. त्याची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून झाली. एक हजार एकरांच्या या उद्यानात सूतगिरणीपासून शिवणाईपर्यंत सारे एका कुंपणात आणायचे आहे. भूखंड, पाणी, वीज, सांडपाणी यांचे नकाशे तयार आहेत. त्या नकाशात कापड धुऊन आटते किती ते पाहण्याची सामायिक प्रयोगशाळा, लहान निट यंत्रांची एक खोली, मापांचे पुतळे आणि दिल्ली-तिरुपूरहून बोलावलेल्या चार मास्टरजींचा पगार यांची तरतूद आहे का, हे अमरावतीच्या लोकप्रतिनिधींनी आताच विचारायला हवे, कारण एकदा भूखंडवाटप झाले, की अशा खोलीसाठी जागा मागणारा कोणी उद्योजक नसतो.